बेताचं

रविवारी सकाळी साडेसहाला काटेसाहेब बाजारातून परतले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन किलो दोनशे ग्रॅम मटार होते. हे वजन त्यांनी तीनदा करून घेतलं होतं. एकदा भाजीवालीच्या काट्यावर, एकदा खिशातून नेलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर आणि एकदा घरी आल्यावर, वाटेत मटारांनी काही हातचलाखी केली नाही ना, हे पाहायला. वजनमापं तपासण्याच्या खात्यात ज्यानं सगळी नोकरी काढली, त्या माणसाचा मटारांवरही विश्वास बसत नाही. खात्यानं त्यांना निरोप देताना शाल आणि घड्याळ दिलं; 'काटेसाहेब' हे नाव दुकानदारांनी फार आधीच देऊन ठेवलं होतं.

"पुन्हा मटार?" आई म्हणाली. ती खिडकीशी बसून उजव्या मनगटाला बँडेज गुंडाळत होती.

"पुन्हा नाही, अजून," काटेसाहेब म्हणाले. "ऋतू आहे त्यांचा. ऋतूचं, ताजं, घरी केलेलं आणि सगळ्यांनी मिळून खाल्लेलं. आनंद म्हणतात तो यातच आहे."

हे वाक्य त्यांनी निवृत्त कर्मचाऱ्यांसाठीच्या एका व्याख्यानात ऐकलं होतं. वक्त्यानं सांगितलं होतं की आनंद दूर कुठे नसतो, तो घरातच शोधावा. काटेसाहेबांनी घरभर शोधला आणि तो त्यांना स्वयंपाकघरात सापडला. आई त्याच स्वयंपाकघरात सदतीस वर्षं होती, पण तिच्या काही तो हाती लागला नव्हता.

अर्थात, शोध लागायला निमित्त झालं आईच्या हाताचं. चार महिन्यांपूर्वी मागच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला, मनगटाचं हाड मोडलं, आणि काटेसाहेबांनी स्वयंपाकघराचा 'तात्पुरता कार्यभार' स्वीकारला. मुलांना वाटलं, आठवडाभरात हौस फिटेल. पण सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाचा तात्पुरता कार्यभार किती काळ टिकतो, हे मुलांना ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तरी साहेबांच्या अंगावरचा ॲप्रन निघाला नाही. उलट दर रविवारी सगळ्यांनी जेवायला आलंच पाहिजे, असा फतवा निघाला. गाजरांचा ऋतू झाला, पालकाचा झाला. आता तीन आठवडे मटार चालू होते, आणि बाजारात ते अजून ढिगानं येत होते.

घरात बोलून दाखवण्याची सोय नव्हती, पण भाजी खारट होत असे. मटारांची तर तोंडात घालवत नसे. साहेब किलोला दहा ग्रॅम या हिशेबानं मीठ तोलून वाटीत काढून ठेवत आणि वर झाकण घालत. चूक कुठे आहे ते कुणालाच कळत नव्हतं. आईला मात्र ते पहिल्याच रविवारी कळलं होतं. साहेब मटार तोलायचे ते शेंगांसकट. टरफलं जायची गाईच्या पुढ्यात आणि त्यांच्या वाटणीचं मीठ यायचं माणसांच्या ताटात.

तिनं सांगितलं नाही. तीन रविवार ती तो खारटपणा मुकाट्यानं गिळत होती, आणि खोटं कशाला बोला, तिला त्यात थोडी मजाही येत होती.

कारण सदतीस वर्षं या घरात जेवण झाल्यावर साहेब एकच शब्द बोलत आले होते. हात धुऊन, पंच्याला पुसत, कुठेतरी लांब बघत ते म्हणत, "बेताचं झालंय." लग्नानंतर पहिल्यांदा तिनं एकटीनं स्वयंपाक केला, सकाळी पाचपासून खपली, आणि वर ऐकलं ते 'बेताचं'. त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. पुढे रडणं थांबलं. नवं काही करून बघणंही हळूहळू थांबलं. गाढवाला गुळाची चव काय, असं स्वतःला सांगून तिनं मनाची समजूत घातली, पण समजूत घातलेलं मन आणि पटलेलं मन यांत फरक असतो. थोरला पाचवीत असताना शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. मोठ्या मुलींना स्वयंपाक शिकवायचा होता, कुणाच्या तरी घरी तिच्या हातचं खाऊन त्या खूश झाल्या होत्या. आईनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "नको बाई. माझा हात बेताचाच आहे."

तेव्हा आता साहेबांच्या भाजीत मीठ जास्त पडत असेल तर पडू दे. फिट्टंफाट.

पण सूड ही वरवरची गोष्ट होती. खरी गोष्ट खुर्चीची होती. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या होत्या आणि त्यांतली एकही आईची नव्हती. ती शेगडी आणि टेबल यांच्या मधल्या जागेत उभी असायची. सगळ्यांचं झालं की उरलेलं ताटात घेऊन बसायची, तोवर भात गार, भाजी गार आणि भूकही गार. प्लास्टर घातलेल्या दिवशी ती पहिल्यांदा टेबलाशी बसली. तिनं मुद्दाम स्वयंपाकघराकडे पाठ येईल ती खुर्ची धरली. साहेबांनी समोर भात ठेवला. कच्चा होता, पण त्यातून वाफ येत होती, आणि ती वाफ चेहऱ्यावर आली तेव्हा आईला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

हात दोन महिन्यांपूर्वीच बरा झाला होता. साहेब बाजारात गेले की ती त्याच हातानं चादरी पिळायची, बरण्यांची झाकणं उघडायची. फाटक वाजलं की बँडेज पुन्हा मनगटावर चढायचं.

आणि आज सगळं उघडं पडणार होतं. लेक फिजिओथेरपिस्ट होती. तिनं कालच फोनवर सांगितलं होतं, "आई, उद्या तुझा हात मी नीट तपासते. झालं असेल ना बरं, तर बाबांना मी सांगते. मग तू तुझ्या स्वयंपाकघरात मोकळी!"

मोकळी! आईला रात्रभर झोप लागली नव्हती.

*

दहाला मंडळी आली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत साहेब असलेला थोरला मुलगा, त्याची दातांची डॉक्टर असलेली बायको, लेक, आणि काठी टेकत काटेसाहेबांची थोरली बहीण. तिला सगळे आत्याच म्हणत, अगदी कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा. मुलगा, सून आणि लेक या तिघांचं जिन्यातच ठरलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. तिघांनी एकदम हसून "वा, काय छान वास येतोय" म्हटलं. चूल अजून पेटायची होती.

"आधी सोलायचं," साहेबांनी परात मध्ये ठेवली. "सगळ्यांनी मिळून. यातच—"

"आनंद आहे," थोरला म्हणाला. "माहीत आहे बाबा."

सगळे परातीभोवती बसले. आता हे मान्य करायला हवं की मटार सोलायला बसलेली माणसं फार वेळ कट करू शकत नाहीत. कोवळ्या शेंगा होत्या, अंगठ्यानं दाबल्या की टचकन उघडत. आत्यानं सोलण्यात सगळ्यांना मागे टाकलं. सूनबाई एरवी दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालणारी बाई, पण तीही दाणे उधळून हसायला लागली. थोरला सोलेल तितके तोंडात टाकत होता.

"अरे, परातीत टाक," साहेब म्हणाले.

"खाऊ द्या ना बाबा. किती गोड आहेत. शिजल्यावर..." तो थांबला. शिजल्यावर काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

आई डाव्या हातानं सोलत होती. उजवा मांडीवर ठेवलेला, जड, आजारी. डाव्या हातानं शेंग फोडणं जमत नव्हतं, आणि उजवा सारखा आपण होऊन पुढे यायला बघत होता. त्याला आवरता आवरता ती घामाघूम झाली.

"आई, चल," लेक उठली. "तुझा हात बघू."

"जेवण झाल्यावर बघ की."

"नाही, आत्ता. मग जेवताना बाबांशी बोलायचंय." शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला कधीच सवय नव्हती. साहेबांनी ऐकलं. त्यांनी वाटीवरचं झाकण उगाच नीट केलं.

झोपायच्या खोलीत लेकीनं दार लोटून घेतलं, बँडेज सोडलं आणि मनगट वर-खाली, आत-बाहेर फिरवून पाहिलं.

"दुखतं?"

"दुखतं की."

"इथं?"

"तिथं तर फारच."

"तिथं हाड मोडलंच नव्हतं, आई." लेकीनं आपली दोन बोटं पुढे केली. "दाब."

आईनं फुलाला हात लावावा तितक्या जोरानं दाबलं. लेक तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं कोपराखालचा स्नायू चाचपला, तळहात उलटा केला, आणि नाकाजवळ नेला.

"चार महिने न वापरलेला हात बारीक होतो. हा माझ्यापेक्षा घट्ट आहे. आणि याला कपडे धुण्याच्या साबणाचा वास येतोय."

आईनं हात मागे ओढून घेतला.

"कधीपासून?"

"हळू बोल. दोन महिने झाले."

"आई!"

"ओरडू नको म्हटलं ना."

"अगं, पण का? आम्हाला वाटलं तू आतून झुरतेयस. दादा म्हणतो, तुझं स्वयंपाकघर तुझ्याकडून काढून घेतलं. वहिनी तर म्हणाली, आईंची ओळखच गेली."

"माझी ओळख शेगडीवर ठेवलेली नव्हती," आई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मला बसायला आवडतं गं. बसलं की कुणीतरी समोर आणून ठेवतं. गरम असतं."

"खारट असतं."

"असू दे खारट. गरम असतं ना!"

लेक हसली नाही. ती पलंगावर आईशेजारी बसली. सकाळी सातला दोन डबे भरून, नवऱ्याला वाढून, आठच्या बसला पळणारी बाई ती. ती म्हणाली, "मी तर ओट्याशी उभी राहूनच खाते. बसलेलं आठवतच नाही."

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली.

"मग तुझा हात कधी मोडणार?" तिनं विचारलं.

लेकीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं उशीत तोंड खुपसलं, आणि दोघी मायलेकी आवाज न करता इतक्या हसल्या की पलंग करकरला.

बाहेर आल्यावर लेकीनं गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "अजून सहा आठवडे तरी जड काम नाही."

थोरल्याचा जबडा खाली आला. जिन्यात तर असं ठरलं नव्हतं.

*

दीडला पानं मांडली. साहेबांनी पातेलं मध्ये ठेवलं. हिरवीगार भाजी, वर कोथिंबीर, दिसायला दृष्ट लागेल अशी. भात आला, पाव आला. आई आपल्या खुर्चीत बसली. तिच्या ताटात पहिला भात पडला आणि वाफ वर आली.

पहिला घास सगळ्यांनी एकदम घेतला. मग टेबलावर जी शांतता झाली ती ऋतूच्या आनंदाची नव्हती. आत्यानं पावाचा मोठा तुकडा तोडला. सूनबाईनं दाताला लागल्यासारखं करून गालावर हात ठेवला. थोरल्यानं एक पेला पाणी संपवलं, दुसरा ओतला, तो संपवला, आणि तिसऱ्याला मात्र त्याचा धीर सुटला.

"बाबा, खरं बोलू का?"

"नको," लेक म्हणाली.

"का नको? जिन्यात तूच म्हणालीस."

"जिन्यात मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"खा रे तू," लेक म्हणाली, आणि तिनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो नेमका सूनबाईच्या पायावर पडला.

"आई गं!" सूनबाई म्हणाली. आता तोंड उघडलंच आहे तर बोलून घ्यावं असं तिला वाटलं असावं. "बाबा, तुम्ही इतके कष्ट घेता, आम्हाला फार कौतुक आहे. पण आईंना काय वाटत असेल? त्यांचं सगळं आयुष्य त्या स्वयंपाकघरात गेलं. त्यांना बोलता येत नाही म्हणून आम्ही बोलतोय."

"बाईच ठेवू या ना स्वयंपाकाला," थोरला म्हणाला. "आईचा हात बरा होईपर्यंत. मग आई आहेच. बाबा, आईच्या हातची भाजी खाऊन किती दिवस झाले! ती आतून झुरतेय. हो की नाही गं आई?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. साहेब पळी हातात धरून उभे होते. या चार महिन्यांत ते बसून जेवले नव्हते, हे तेव्हा आईच्या पहिल्यांदा लक्षात आलं. वाढणारा उभाच राहतो. ॲप्रनवर हिरवा डाग होता, चष्म्यावर वाफ धरली होती. ते थोरल्यावर चिडले नाहीत. आईकडे वळून त्यांनी विचारलं, "तू सांग. कसं झालंय?"

सदतीस वर्षांत तिनं त्यांना हा प्रश्न कितीदा विचारला होता, आणि शेवटी विचारायचं सोडून दिलं होतं. तिला हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं. उत्तर तर केव्हाचं तयार होतं. तिनं घास संपवला, पदराच्या टोकानं ओठ टिपले, आणि मुद्दाम लांब कुठेतरी बघत म्हटलं, "बेताचं झालंय."

म्हणून झाल्यावर तिला जरा वाईट वाटलं. पण ठोसा लागला की नाही हे पाहायला ती वळली, तर साहेबांच्या हातातली पळी पातेल्यात पडली होती. ते मटकन खुर्चीत बसले. चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खरंच?" ते म्हणाले. "खरंच म्हणतेस?"

"बेताचं म्हणाली ती?" आत्यानं पाव खाली ठेवला. "याच्या भाजीला? अगं, असं उगाच कुणालाही नाही म्हणायचं!"

"अहो वन्सं, मी काही फार—"

"आमच्या बाबांनी मला जन्मात दोनदा म्हटलं. दोनदा! एकदा मी मॅट्रिकला पहिली आले तेव्हा, आणि एकदा मरताना, मी पाणी पाजलं तेव्हा."

टेबलावर कुणाला काही कळेना. तेव्हा आत्यानंच सांगितलं. त्यांचे वडील तराजू दुरुस्त करायचे. रस्त्याकडेच्या टपरीवजा दुकानात दिवसभर पारडी ठोकत, दोऱ्या बदलत बसायचे. शेवटी दोन्ही पारडी समान होऊन काटा मधोमध उभा राहिला, इकडे केसभर नाही, तिकडे केसभर नाही, की त्या माणसाच्या तोंडून एकच शब्द निघायचा. बेताचं. तीच त्यांची दाद. छान, सुंदर, उत्तम हे शब्द गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या दुकानदारांचे, असं ते म्हणत.

"आणि हा," आत्या भावाकडे बोट करून म्हणाली, "याला तर त्यांनी एकदाही म्हटलं नाही. खात्यात चिकटला त्या दिवशीसुद्धा नाही."

"नाही म्हटलं," साहेब म्हणाले. "मला वाटायचं, मी नाही कंजूषपणा करायचा. मी घरात रोज म्हणायचो."

"रोज?" आत्यानं विचारलं.

"दोन्ही वेळा. आता रोजच तसं व्हायचं त्याला मी काय करू? हिनं सवयच बिघडवली माझी."

आईचे कान तापले. तिला आधी हसू आलं, मग ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

"बेताचं म्हणजे यथातथा," ती म्हणाली. "बेताची अक्कल म्हणतात. बेताची परिस्थिती म्हणतात. सगळ्या जगात बेताचं म्हणजे ढकलगाडी!"

"सगळ्या जगात?" साहेबांनी मुलांकडे पाहिलं. तिघांनी मान हलवली. सूनबाईनंसुद्धा. "मग तुला काय वाटत होतं इतकी वर्षं?"

"मला वाटत होतं, तुम्हाला आवडत नाही."

"आवडत नाही? अगं, मी बाहेर कधी चहासुद्धा धड प्यायलो नाही!"

"शाळेच्या बाई आल्या होत्या मला बोलवायला. मुलींना स्वयंपाक शिकवायला. मी त्यांना सांगितलं, माझा हात बेताचा आहे. त्या चहा पिऊन निघून गेल्या." आईचा आवाज फाटला. "केवढी हौस होती मला. केवढी हौस होती, आणि मी घरच्या माणसाला आवडत नाही तर बाहेरच्यांना काय देऊ, म्हणून दार लावून घेतलं. आता कौतुक करताय? वरात कधीच गेली, आता घोडं काढलंत!"

"तू विचारायचं नाहीस का, बेताचं म्हणजे काय?"

"तुम्ही दुसरा एखादा शब्द शिकायचा नाहीत का?"

साहेब चष्मा पुसू लागले. थोरल्याला मात्र वाटलं, उत्तर आपल्याकडे आहे. तो मोकळेपणानं हसला आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, "चला, म्हणजे गैरसमज मिटला! एवढंसं तर होतं. आता आईचा हात बरा झाला की आई पुन्हा आत, बाबा पुन्हा—"

"गप बस," लेक म्हणाली.

"गप बसा," सूनबाई म्हणाली. आज पहिल्यांदाच ती नणंदेच्या बाजूनं बोलली होती, ते तिच्या नवऱ्यालाही जाणवलं.

आईनं सगळ्यांसमोर बँडेज सोडायला सुरुवात केली. त्याचा गुंडा करून ताटाशेजारी ठेवला. मग उजव्या हातानं पाण्यानं भरलेला पितळी जग उचलला, थोरल्याचा पेला काठोकाठ भरला आणि जग खाली ठेवला. थेंब सांडला नाही.

"हात बरा आहे," ती म्हणाली. "दोन महिने झाले. आणि अहो, भाजी खारट आहे. तिन्ही रविवारी खारट होती. मीठ तुम्ही शेंगांच्या वजनावर काढता. खायचे असतात दाणे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. बायकोच्या मनगटापेक्षा हा घाव खोल होता. खोक्यासकट माल तोलला म्हणून त्यांनी किती दुकानदारांचे काटे जप्त केले होते, किती जणांना भर बाजारात उभं करून विचारलं होतं, की माणसं खोकी खातात का?

"टरफलांसकट," ते पुटपुटले. "तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग ये, मीठ तूच घाल. मीठ घालायला एकदा उठले असते की मला पुन्हा कुणी बसू दिलं नसतं. ही सगळी मला स्वयंपाकघर परत द्यायला आली आहेत. मला नको आहे ते. मला बसून जेवायचंय. गरम जेवायचंय. एवढंच पाहिजे होतं मला, आणि ते मागायला माझं हाड मोडावं लागलं."

थोरला ताटाकडे बघत होता. त्याला बहुधा त्याच्या लहानपणातलं टेबल आठवत असावं, आणि त्याभोवती आई कुठे बसायची ते काही केल्या आठवत नसावं. साहेबांचे ओठ हलत होते. आईला ती सवय माहीत होती, ते तोंडी गुणाकार करत होते.

"सत्तावीस हजार दहा," ते शेवटी म्हणाले.

"काय?" आत्यानं विचारलं.

"सदतीस वर्षं. दिवसाला दोन जेवणं. सत्तावीस हजार दहा वेळा ही उभी होती, ताई. मी इथंच बसलो होतो. समोर. मी जगाचे काटे तपासत फिरलो आणि हे माझ्या..." त्यांना पुढे बोलता येईना. इतक्या वर्षांच्या संसारात आईनं त्यांना असं अडलेलं पाहिलं नव्हतं. तिचा हात त्यांच्या हाताकडे जात होता, पण तिनं तो मध्येच थांबवला.

"लीप वर्षं धरली नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे पुसले. "नऊ," ते म्हणाले. "अठरा जेवणं. सत्तावीस हजार अठ्ठावीस."

"हं. आता बरोबर."

साहेब उठले, पातेलं उचललं. भाजीचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. ते तसेच दारात घुटमळले.

"बटाटे उकडून कुस्करून घाला त्यात," आईनं मागे न वळता सांगितलं. "मीठ मिळून येईल."

"किती ग्रॅम?"

"अंदाजानं घाला."

काटेसाहेब त्या शब्दाला जन्मभर घाबरत आले होते. पातेलं घेऊन ते आत गेले. सूनबाई मदतीला उठू लागली तसा आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. लेकही उठत होती, तिलाही बसवलं. मग थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं आधी मागे वळून पाहिलं, ही नजर आणखी कुणाकडे आहे का ते. मागे भिंत होती. तो उठला आणि बटाटे कुठे असतात हे आत जाऊन वडिलांना विचारू लागला.

टेबलाशी चौघीजणी उरल्या. बराच वेळ आतून भांडी पडल्याचे आवाज येत होते. आईनं भाताचा एक घास घेतला, चावला, आणि ताट जरासं पुढे सरकवलं.

"अहो," तिनं हाक मारली, "माझा भात गार झालाय."

त्या घरात आजवर असं कितीतरी जणांनी म्हटलं होतं, तिनं मात्र आज पहिल्यांदा म्हटलं.

"आणतो," काटेसाहेब म्हणाले.